माटोळी मुलांच्या हातून: चवथीआधीच्या पंधरा दिवसांची तयारी

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत घरातल्या लहान मुलाला एकच काम नेमून दिलेलं असतं: बाजूला होणं. पत्री सांडू नको, मखराला हात लावू नको, तेलाच्या कढईजवळ येऊ नको, भटजी आलेत, गप्प बस. आणि हीच मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की आपण म्हणतो, यांना घरच्या सणात रस नाही.

गेली पाच वर्षं मी आमची माटोळी मुलांना हाताशी घेऊन बांधतो. मुलगी आता आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा. गावच्या व्हडल्या घरी गेलो की चुलत-आते भावंडं धरून अकराजण होतात. एवढ्या अनुभवावर सांगतो: चवथीच्या सगळ्या कामांत मुलांना देण्याजोगं याहून चांगलं काम नाही. यात आग नाही, पुजेच्या आधी बांधायची म्हणून सोवळ्याचा फार अडसर नाही, आणि जे बांधलं ते सगळ्यांच्या डोक्यावर, सगळ्यांना दिसेल असं दीड दिवस टांगलेलं राहतं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. गणपतीच्या वर आढ्याला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला आंब्याच्या टाळ्या (पानांच्या डहाळ्या), नारळ, सुपारीचे कात्रे (घोस), रानातली फळं, फुलं, शेंगा बांधतात. ती माटोळी. सिंधुदुर्गात हिलाच माटवी म्हणतात. भाद्रपदात आसपासच्या डोंगरात आणि परसात जे पिकलं, फुललं, ते सगळं छताला येतं.

या लेखातली प्रत्येक पायरी एका नियमावर उभी आहे: मुलानं बांधलेलं सोडून परत बांधायचं नाही. वाकडं दिसलं तरी नाही, आत्यानं नाक मुरडलं तरी नाही. पण मग वर टांगलेलं कोणाच्या डोक्यावर पडू नये, हेही पाहायला हवं. म्हणून कुठली गाठ चुकली तरी चालेल आणि कुठली चुकून चालणार नाही, हे मोठ्यांनी आधी ठरवायचं. पुढची बरीचशी मेहनत त्यासाठीच आहे.

पंधरा दिवस आधी: चौकट आणि आकडे

जुन्या घरात चौकट माळ्यावर असते. ती आत्ताच खाली काढा, तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी नको. पट्ट्यांवर नखानं टोचून पाहा. वाळवी लागली असेल तर लाकूड भुसभुशीत लागतं आणि आतून पोकळ आवाज येतो. तुळईतले आकडे गंजलेत का ते पाहा. टांगायचा दोर दरवर्षी नवा घ्या. गेल्या वर्षीचा चांगला दिसतो, पण पावसाळ्याची ओल त्यानं खाल्लेली असते.

फ्लॅटमधल्यांचा प्रश्न वेगळा. आम्ही पर्वरीला राहतो आणि आता गणपती वर्षाआड तिथं आणि गावी असा असतो. फ्लॅटसाठी तीन फूट लांब, दोन फूट रुंद चौकट भरपूर झाली: दोन लांब पट्ट्या आणि त्यांवर आडव्या सहा. सुतार तासाभरात करून देतो. टांगण्यासाठी स्लॅबमध्ये चार आकडे ठोकून घ्यावेत, तेही जाणत्या माणसाकडून. पंख्याच्या हुकाला टांगायचा मोह होतो. पण एकाच जागी टांगलेली चौकट गरगर फिरते आणि एका बाजूला कलते. फॉल्स सीलिंगला तर काहीही टांगू नका. घर भाड्याचं असेल आणि भोकं पाडता येत नसतील, तर मांडववाल्याकडून चार पायांचा लोखंडी सांगाडा आणा आणि त्याचे मागचे दोन पाय भिंतीतल्या किंवा खिडकीच्या गजाला बांधून टाका. मुलं त्याला धरून लोंबकळणारच.

आता वजन. दोन वर्षांपूर्वी माटोळी सोडताना मुलीनं एकेक जिन्नस घरातल्या काट्यावर ठेवून वहीत मांडला. आमच्या त्या छोट्या चौकटीवर सव्वीस किलो होते! सोलायचा नारळ एकटाच किलोभर भरतो, पाच नारळांच्या पेंडीचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून आम्ही आता रिकामी चौकट टांगून तिला पाण्याचे वीस लिटरचे दोन भरलेले कॅन रात्रभर लटकवून ठेवतो. एक लिटर म्हणजे एक किलो, दोन कॅन म्हणजे चाळीस. सकाळी आकडा जागचा हलला नसेल तर माटोळी निर्धास्त. या परीक्षेला मुलांना जरूर घ्या. धाकटा सकाळी उठून दात घासायच्या आधी कॅन बघायला धावतो.

ही परीक्षा आम्ही हौसेनं सुरू केली नाही. पहिल्या वर्षी मी नायलॉनच्या दोरीनं बांधलं होतं. तयेच्या रात्री तीन वाजता धप्प आवाज आला: तांबडा भोपळा खालच्या पाटावर. मूर्ती सकाळी आणायची होती म्हणून वाचलो. ओली नायलॉन दोरी गाठीत निसटते. सुतळी घ्या, काथ्या घ्या, मिळाले तर केवणीच्या सालीचे दोर घ्या. आमचे आजोबा दुसरं काही वापरायचेच नाहीत. भिजवलेली केवण सुकताना गाठ आणखी आवळते.

आठ-दहा दिवस आधी: वही आणि पायवाट

एक कोरी वही घ्या, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. ही माटोळीची वही, वर्षानुवर्षं तीच चालवायची. एका जिन्नसाला एक पान. पानावर चार गोष्टी: नाव, कुठं मिळालं, नाव कोणी सांगितलं, आणि दाबून सुकवलेलं एक पान किंवा मुलानं काढलेलं चित्र. लिहिता न येणारं मूल चित्र काढतं, नाव मोठं भावंड लिहितं.

नाव कोणी सांगितलं हे लिहायला विसरू नका. एकाच वेलीला पेडण्यात एक नाव, फोंड्यात दुसरं आणि काणकोणात तिसरंच असतं, आणि मराठी पुस्तकात चौथं. बरोबर कुठलं यावर वाद घालत बसू नका; ऐकलं तसं लिहा. आमच्या वहीत एका पानावर तीन नावं आहेत आणि तिन्ही सांगणाऱ्या बायका एकाच वाड्यावरच्या.

मग एखाद्या उघडीप मिळालेल्या सकाळी फिरायला निघा. सोबत वाड्यावरचं एक जाणतं माणूस हवंच. पुस्तकं आणि मोबाईलमधली झाडं ओळखणारी ॲप मदतीला ठीक आहेत, पण कुंपणावरून हात घालून “हे नको, त्याच्या शेजारचं घे” असं सांगायला आजीच लागते. साडेचार वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं पुरे. त्यानंतर त्याला उचलून घ्यावं लागतं आणि कात्री धरायला तुमचे हात उरत नाहीत.

काय काय दिसेल? शेरवड बहुधा सगळ्यात आधी: हिरव्या झुडपावर पांढरी पानं आणि मध्ये इवलंसं शेंदरी फूल. मुलांना ती पांढरी पानंच फूल वाटतात. वाटू द्या, मग जवळून दाखवा. तेरडा तर चिऱ्यांच्या भिंतीभिंतीवर. त्याची जून बोंडं चिमटीत धरली की फट्कन फुटून बी उडतं. इथं अर्धा तास जाणार हे धरून चाला. मालकांगोणीचे पिवळे घोस, आमच्याकडे त्यांना कांगलां म्हणतात. पिकून फुटले की आतून लालभडक. कवंडळाची तांबडी-केशरी फळं वेलीला लोंबत असतात. आणि घागऱ्या, म्हणजे फुगीर शेंगा, ज्या जून झाल्या की आत बिया खुळखुळतात. अकरा मुलांत घागऱ्यांवरून भांडण होणार नाही असं वर्ष मी पाहिलेलं नाही. म्हणून मोजून अकरा जुड्या करा.

परसातलंही विसरू नका. आंबाडे, तोरिंग (पपनस), निरफणस, म्हावळिंग (महाळुंग), पेरू, चिबूड, तवशें (मोठी काकडी), दोडकी यांतलं काही ना काही शेजाऱ्यांकडे असतंच. ते मागायला मुलांना पाठवा, आणि बदल्यात तुमच्याकडचं काहीतरी द्यायला सांगा. गावात हे असंच चालत आलं आहे. फ्लॅटमध्ये मात्र शेजाऱ्याची बेल वाजवून आंबाडे मागणं मुलीला आधी अवघड गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःच्या गावाहून आणलेला सुपारीचा कात्रा दिला, तेव्हापासून ती मला न विचारताच जाते.

आता सावधगिरी. इथं मी थोडा कडक आहे.

माटोळीचं काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम घरातून निघण्याआधी, वाटेत आणि परतल्यावर असा तीनदा सांगा. माटोळीत खायची फळं असतात तशी औषधी आणि विषारीही असतात, आणि लहान मुलाला दोन्ही सारखीच दिसतात. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं देखणं, पण ती वेल मुळापासून बीपर्यंत विषारी. आमच्याकडे ती फक्त मी तोडतो, मीच बांधतो आणि मग हात धुतो. कवंडळ कडूजहर. घागऱ्यांच्या बियाही खाण्यातल्या नव्हेत, आणि खुळखुळा समजून धाकटी मुलं त्या तोंडात घालतात, म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात शेंग देऊ नका. खाजकुयलीच्या मखमली शेंगा कुठं लोंबताना दिसल्या तर वाट बदला. एवढं करूनही कोणी काही गिळलंच तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. त्या झाडाचा तुकडा पिशवीत घाला, १०८ ला फोन करा आणि तो तुकडा डॉक्टरांना दाखवा.

पायात गमबूट. पुढच्या माणसाच्या हातात काठी, आणि ती झुडपावर आपटूनच हात घालायचा. चिऱ्यांच्या भिंतीतल्या भोकांत कोणाचाच हात जाता कामा नये. सड्यावरचं फुरसं पाचोळ्याच्या रंगाचं असतं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. घाटाकडच्या बाजूला असाल तर जळवांसाठी पुरचुंडीत मीठ घ्या.

आणि तोडताना: कात्रीनं कापायचं, उपटायचं नाही, निम्मं झाडावर ठेवायचं. एकटं-दुकटं झुडूप दिसलं तर त्याचं चित्र वहीत, झुडूप जागेवर. म्हादई, मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी या अभयारण्यांतून काही तोडणं कायद्यानंच बंद आहे. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत शेकडो जिन्नस बांधलेल्या माटोळ्या असतात. त्या मुलांना नेऊन दाखवा, पण घरात त्यांच्याशी बरोबरी करू नका. ज्याचं नाव घरातल्या मुलाला सांगता येत नाही असा जिन्नस आमच्या माटोळीला लागत नाही. पहिल्या वर्षी एकवीस होते. तेवढे पुरतात.

बाजार

चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, डिचोली, सगळीकडे माटोळीचा बाजार भरतो. रानातलं घेऊन बायका पहाटेच येऊन बसतात. मुलांना नेणार असाल तर दोन दिवस आधीची सकाळ बरी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लहान मूल घेऊन त्या गर्दीत शिरणं म्हणजे मुलाचाही छळ आणि तुमचाही. फळं, कात्रे, नारळ दोन दिवस आधी घेतले तर चालतात. आंब्याच्या टाळ्या, फुलं आणि वेली मात्र तयेच्या सकाळीच आणा. घरी आणलं की ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीजवळ गार जागी ठेवा.

फळ घेताना एकच गोष्ट पाहायची: देठ. देठाशिवाय फळ म्हणजे बांधायला जागा नाही. नारळाची पेंड देठासकट, आंबाडे डहाळीसकट, तवशाचा देठ निदान बोटभर. हे मुलाला शिकवलं की तेच पारखून घेतं. गणपती पाच किंवा सात दिवसांचा असेल तर केळ्यांचा घड कच्चा हिरवा घ्या. दीड दिवसाचा असेल तर अर्धवट पिकलेला चालेल.

मुलीला मी शंभराची नोट देतो आणि तीन वस्तू आणायला सांगतो: एक आवाज करणारी, एक रंगाची, आणि एक जिचं नाव तिला माहीत नाही अशी. तिसरीसाठी तिला विकणाऱ्या बाईशी बोलावंच लागतं. घासाघीस मात्र मी करू देत नाही. ज्या बाईनं पावसात डोंगर चढून हे आणलं, तिच्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालायला मुलाला शिकवू नये असं मला वाटतं. याबाबतीत आईचं आणि माझं पटत नाही.

तयेची संध्याकाळ: बांधणी

तयेच्या दिवशी स्वयंपाकघरात हळदीच्या पानांचा वास सुटलेला असतो, पातोळ्या उकडत असतात, आणि कोणालाही मुलांकडे बघायला वेळ नसतो. म्हणून मुलं ताब्यात घ्यायची हीच वेळ. संध्याकाळी चारला बसलात तर सातपर्यंत चौकट वर जाते.

चौकट टांगलेली ठेवून बांधू नका. ती खाली उतरवून दोन स्टुलांवर आडवी ठेवा, मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर. मोठी माणसं शिडीवर आणि मुलं खालून जिन्नस देणारी हमाल, अशी पद्धत बऱ्याच घरांत असते. तिच्यात मुलाला बांधायला मिळत नाही, म्हणून मला ती पसंत नाही.

आता कुठली गाठ चुकली तर चालेल आणि कुठली नाही, ती वाटणी. चौकट चार टोकांना टांगली जाते, म्हणून सगळं जड त्या टोकांजवळ आणि दोन लांब पट्ट्यांवर: नारळाच्या पेंडी, भोपळा, केळ्यांचा घड, निरफणस, चिबूड. हे सगळं मोठ्यांचं. मधल्या सहा आडव्या पट्ट्या मुलांच्या, आणि त्यांवर फक्त हलकं: घागऱ्या, कांगलां, शेरवड, आंबाड्याच्या डहाळ्या, तेरड्याच्या जुड्या. अशानं मूर्तीच्या नेमकं वर फक्त हलके जिन्नस येतात. मुलाची गाठ मध्यरात्री सुटली तर फार तर एक शेरवड पडेल, आणि देवावर फूल पडलं तर लोक त्याला कौलच समजतात.

प्रत्येक मुलाला एक पट्टी. तिच्यावर खडूनं नाव घाला. व्हडल्या घरची चौकट मोठी आहे, तरी पट्ट्या नऊ आणि मुलं अकरा. तिथं चिठ्ठ्या टाकतो आणि दोन पट्ट्या जोडीत देतो. एका पट्टीवर दुसऱ्यानं हात घालायचा नाही. हा नियम केल्यापासून रडारड निम्म्यानं कमी झाली. उरलेली निम्मी घागऱ्यांची.

क्रम असा. आधी आंब्याच्या टाळ्या सगळ्या चौकटीवर पसरून बांधायच्या, म्हणजे लाकूड झाकतं. मग मोठ्यांनी जड जिन्नस बांधायचे, समोरासमोरचे कोपरे सारख्या वजनाचे ठेवून. इथं मुलांना तराजू करता येतं: एकानं एका हातात भोपळा, दुसऱ्या हातात चिबूड धरायचा आणि सांगायचं कुठलं जड. मग मुलांच्या पट्ट्या. शेवटी राहिलेल्या फटींत पानं खोचायची.

गाठीबद्दल. हातभर सुतळी दुहेरी करा. दुमडलेल्या बाजूचा फास देठाभोवती घाला आणि मोकळी टोकं त्या फासातून ओढून घ्या. जिन्नस जितका खाली ओढेल तितका फास आवळतो. वरची दोन टोकं पट्टीभोवती दोन वेढे घेऊन दोनदा साधी गाठ. आठ वर्षांच्या मुलाला हे तीन-चार वेळा दाखवलं की जमतं. सहाच्या आसपासची मुलं फास घालतात, वरची गाठ मोठ्यांनी मारावी. चारची मुलं जिन्नस हातात धरून उभी राहतात आणि “आता ओढ” म्हणतात. त्याहून लहानाला एका टोपलीतले आंबाडे दुसरीत मोजून टाकायला द्या. तेच आंबाडे परत पहिलीत टाकायलाही तो तयार असतो.

सुतळीचे तुकडे आदल्या रात्री कापून ठेवा. नाहीतर ऐन वेळी कात्री सापडत नाही, सापडली तर धाकट्याच्या हातात सापडते.

मोठ्यांची प्रत्येक गाठ दुसऱ्या मोठ्या माणसानं ओढून बघायची. मग चौकट चढवायची: चार कोपऱ्यांना चार मोठी माणसं, दोघं शिडीवर, आणि सगळी मुलं दाराबाहेर. चढत्या माटोळीखाली कोणीही उभं राहायचं नाही, नारळ पकडायला तयार असलेले हौशी काकासुद्धा नाही. मुलांना दाराबाहेरून ओरडून सांगायचं काम द्या: डावी बाजू खाली, उजवी वर. त्यांना लांबून ते खरंच आपल्याहून चांगलं दिसतं.

एक नाजूक गोष्ट. काही घरांत माटोळी पुरुषांनीच बांधायची असा रिवाज असतो. मुलीला पट्टी दिली तेव्हा आमच्या थोरल्या काकांनाही ते रुचलं नव्हतं. तुमच्याकडे असं असेल तर तयेच्या संध्याकाळी वाद काढू नका, हरणार तुम्हीच. पंधरा दिवस आधी, चौकट दुरुस्तीच्या वेळी विषय काढा आणि वडीलधाऱ्यांनाच मुलीला गाठ शिकवायला सांगा. काका पहिल्या वर्षी गप्प राहिले. दुसऱ्या वर्षी तिची गाठ बघून म्हणाले, “हा फास नव्हे,” आणि स्वतःचा दाखवला. वर लिहिलेला फास त्यांचाच आहे.

चवथीचा दिवस

या दिवसाबद्दल थोडंच. पूजा आणि नैवेद्य आटपेपर्यंत दीड-दोन वाजतात. लहान मुलांना तोवर उपाशी ठेवू नका. पोह्यांची एक वाटी सकाळी आठला, दुसरी अकराला. खतखतं (भाज्यांचं कालवण) त्यांना आवडेलच असं नाही, तिरफळाचा दाणा दाताखाली आला की रडतात; वाढताना तेवढा काढून टाका. नेवऱ्या (करंज्या) आदल्या दिवसांत तळता तेव्हा कडा कापायचं कातण मुलांकडे द्या आणि त्यांच्या वेड्यावाकड्या नेवऱ्यांचा डबा वेगळा ठेवा. तो डबा आधी संपतो.

आमच्याकडच्या आरत्या तासभर सहज चालतात. घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचं कातड्याचं वाद्य, मातीचं असतं, चार वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका. त्याला कासाळ्यांची (झांजांची) लहान जोडी द्या आणि जाणत्या वाजवणाऱ्याच्या शेजारी बसवा. तान्हं मूल असेल तर घुमट आणि शामेळ या वाद्यांपासून लांब, दुसऱ्या खोलीत. घुमटाला कातडं कसलं, असं मुलगी विचारते. खरं उत्तर द्या: पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं घालतात. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, हेही सांगा.

दुसरा नेहमीचा प्रश्न: अमक्यांच्या घरी मूर्ती का नाही, कागदावरचा नाहीतर पत्रीचा गणपती का? तेव्हा सांगा की १५६० ते १८१२ या काळात गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं, हिंदूंना आपले सण उघडपणे करायला बंदी होती. मूर्ती लपवता येत नाही. पानं पाहिली तर कोणाला संशय येत नाही आणि कागद घडी करून ठेवता येतो. काही घरांनी ती रीत पुढंही सोडली नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं.

पंचमीच्या दिवशी शेतातली नवी कणसं घरी येतात. एक लोंबी वहीत चिकटवायला मागून घ्या.

रोज सकाळी, गणपती दीड दिवसाचा असला तरी, टॉर्च घेऊन माटोळीकडे खालून पाहा. पिकलेलं केळं, मऊ पडलेला चिबूड, मुंग्यांची रांग दिसली तर तेवढा जिन्नस काढून टाका. जुन्या घरात रात्री वाघळं येतात, तीही पेरू सोडत नाहीत. हे पाहण्याचं काम मुलीकडे आहे, काढण्याचं माझ्याकडे.

माटोळी सोडणे

विसर्जन करून आलं की घर रिकामं होतं आणि मुलं हिरमुसतात. माटोळी त्याच रात्री उतरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, चढवली तशीच चार माणसांनी खाली घ्या आणि पुन्हा स्टुलांवर ठेवा. आता ज्याची पट्टी त्यानं सोडायची. गाठी सुटत नाहीत म्हणून कात्री मागतात. मोठ्यांना द्या, लहानांना नखांनी सोडू द्या. स्वतःची गाठ किती घट्ट बसली होती हे त्यांना तेव्हाच कळतं.

मग तीन ढीग. खायचं: केळी, पेरू, तोरिंग, चिबूड धुऊन प्रसाद म्हणून वाटायचे, आणि वाटायला मुलांनीच जायचं, आंबाडे ज्यांनी दिले त्यांच्याकडे आधी. शिजवायचं: भोपळा, दोडकी, तवशें, आंबाडे स्वयंपाकघरात. उरलेलं, म्हणजे पानं, वेली, रानफळं, परसातल्या खड्ड्यात किंवा फ्लॅटच्या खताच्या डब्यात, नदीत नव्हे. कळलावी आणि कवंडळ गुरांच्या तोंडी लागणार नाहीत असं खोल पुरा. घागऱ्यांचं बी सुकवून, नाव घालून, मुलांच्या हाती न लागेल अशा उंच फळीवर बाटलीत ठेवा. पुढच्या पावसात ते कुंपणाला टाकायचं.

शेवटी वही काढा आणि त्या वर्षीच्या पानावर तारीख घालून दोन याद्या लिहा: काय मिळालं नाही, आणि काय फसलं. आमच्या गेल्या वर्षीच्या पानावर मुलीनं लिहिलंय: “म्हावळिंग नाही मिळालं. बाबांची एक गाठ सुटली. माझी नाही.” धाकट्यानं खाली कॅनचं चित्र काढलंय.

चौकट ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस सावलीत वाळवा, पट्ट्यांना कडुनिंबाचं तेल लावा आणि माळ्यावर भिंतीला न टेकवता दोराला अडकवून ठेवा. खडूची नावं पुसू नका.